मगानोच्या तबकडीची मागची बाजू

झडोक अगुतूचं नाव सायलस मगानोच्या गाण्यात आहे, ही गोष्ट कोमुगा गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होती. माहीत होती, कारण झडोक ती पंचेचाळीस वर्षं सांगत आला होता. पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायची नोकरी. लोकांच्या परसात शिरायचं, आकडा टिपायचा, आणि मीटरचं झाकण लावता लावता विचारायचं, मगानोचं ‘दोरिना’ ऐकलंय ना, पण त्याची मागची बाजू ऐकलीय का? कोणी ऐकलेली नसायची. मग मीटरला लागायचं एक मिनिट आणि मागच्या बाजूला वीस. काही बायका तर त्याची सायकल दिसली की आकडा स्वतःच वाचून फाटकाबाहेर येऊन सांगायच्या, म्हणजे तो आत येऊ नये.

मागची बाजू कोणी ऐकलेली नव्हती यात नवल काही नाही. त्या काळी आमच्या सरोवराकाठच्या गायकांची रीतच तशी होती. तबकडीच्या पुढच्या बाजूवर गोष्ट आणि मागच्या बाजूवर ‘भाग दोन’. आता भाग दोन म्हटल्यावर गोष्ट पुढे सरकेल असं कोणालाही वाटेल. पण नाही. तिथे गिटारी मोकाट सुटायच्या आणि गायक आपल्या ओळखीपाळखीच्यांना नावानिशी सलाम ठोकायचा. याने जेवू घातलं, त्याने खाट दिली, त्याच्या बायकोने मासा तळला, असं. ‘दोरिना’च्या पुढच्या बाजूला दोरिना नवऱ्याचीच सायकल घेऊन माहेरी निघून जाते. तिथे बाजू संपते. बारमधल्या गाण्यांच्या पेटीवर लोक तीच बाजू पुन्हा पुन्हा लावायचे आणि दोरिनासाठी डोळे पुसायचे. त्यामुळे ती परत आली की नाही, हे गावाला आजही ठाऊक नाही. एल्काना शिंपी तर हाच एक प्रश्न मनात घेऊन म्हातारा झाला.

याच एल्कानाच्या ओसरीवर दर शनिवारी दुपारी मगानोच्या चाहत्यांची बैठक बसायची. मगानोला जाऊन वीस वर्षं झाली होती, पण बैठकीत त्याच्याबद्दल कोणी भूतकाळात बोलत नसे. चहा, तळलेल्या गोड मांदाझी, आणि कुठल्या गाण्यात दुसरी गिटार कोणाची यावरून भांडणं. त्या शनिवारी मात्र हर्मन ओबुरा एक जाड वही काखोटीला मारून आला आणि सगळं बिनसलं.

ओबुरा म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. माणूस निवृत्त होतो, तपासणी होत नाही. मगानोच्या विसाव्या स्मृतिवर्षानिमित्त त्याने एक पुस्तिका लिहून काढली होती. मगानोने आपल्या गाण्यांमध्ये ज्यांची ज्यांची नावं घेतली त्या सर्वांची यादी, गावासकट, धंद्यासकट, अकारविल्हे. एकूण दोनशे बारा माणसं. पुढच्या सोमवारी ती किसुमू शहरात छापायला जायची होती.

झडोकने मांदाझी खाली ठेवली आणि ‘अ’ काढला. अगाय होता, अगिंगा होता. त्यानंतर एकदम अलुओच.

"साहेब, अगुतू राहिला," तो म्हणाला. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

ओबुराने चष्मा पुसला. "राहिला नाही. तपासून वगळला."

मग त्याने खुलासा केला. त्याच्याकडची ‘दोरिना’ एकोणनव्वद साली त्याच्या आत्याच्या बुडाखाली सापडून फुटली. मागची बाजू त्याने ऐकलेली नाही. बैठकीत कोणीच ऐकलेली नाही. जे कानाने ऐकलं तेवढंच पुस्तकात येणार. अगुतूला कितीही वाटलं तरी अगुतूचं वाटणं छापता येत नाही. तबकडी आणा, वाजवू, ऐकू, लिहू. रविवारपर्यंत.

एल्काना सारवासारव करायला गेला, की अहो जादुओंग, आपला वडीलधारा माणूस, एवढी वर्षं सांगतोय, काही असेल म्हणूनच सांगत असेल ना. या मदतीने झडोकला जास्तच लागलं. ज्या माणसाने उभ्या हयातीत एका घराचा आकडा दुसऱ्या घराला लावला नाही, त्याच्या शब्दाला आता शिंप्याची शिफारस लागायला लागली.

घरी येऊन त्याने बायकोला, विल्किस्टाला, सगळं सांगितलं. ती ओमेनाची बारीक सुकी मासळी निवडत होती. ती म्हणाली, "अवुओरचे बाबा, सोडून द्या. पुस्तक कोण वाचणार आहे?"

"पुस्तकात कोण नाही ते सगळे वाचतात," झडोक म्हणाला. आणि ते खरंच होतं.

तबकडीचा शोध सुरू झाला तसा सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं, पाद्रीबाबांकडे बघ, पाद्रीबाबा म्हणाले मी ती गाणी सोडून देवाकडे वळलो. कोणी पन्नास किलोमीटरवरचं घर सांगितलं. तिथे तबकड्या होत्या, पण भिंतीला शोभेसाठी ठोकलेल्या, प्रत्येकीतून खिळा आरपार. मासे विकणारी दोर्सिला म्हणाली की तिच्या मोबाइलवर मगानोची सगळी गाणी आहेत. होती खरी, पण पुढच्याच बाजू. मागची बाजू कोणी चढवलेलीच नव्हती. तीन दिवस खच्चून भरलेल्या मटाटू गाड्यांमधून धक्के खाऊन, कंबर धरून झडोक घरी परतला, तेव्हा विल्किस्टाने सहज विचारल्यासारखं विचारलं की माझ्या मावसबहिणीकडे बघितलंत का.

मावसबहिणीकडे तबकडी सापडली. ओमेनाच्या मडक्यावर. झाकण म्हणून. छत्तीस वर्षं.

बाईचं म्हणणं असं, की एवढं बरोबर बसणारं झाकण आजकाल मिळत नाही. शेवटी झडोकने तिला नवीन झाकणवालं पातेलं आणून दिलं, तेव्हा कुठे तबकडी हातात आली. तिला मासळीचा असा वास होता, की मटाटूत त्याच्या शेजारच्या दोन सीट कोमुगा येईपर्यंत रिकाम्या राहिल्या.

ती साफ कशी करावी यावर बैठकीत रॉकेल, लिंबू, राख आणि दंतमंजन असे चार पक्ष पडले. त्यांची चर्चा चालू असताना विल्किस्टाने ती उचलली, अंगाच्या साबणाने धुतली, आपल्या रविवारच्या ओढणीने टिपली आणि आणून दिली. चारही पक्ष नाराज झाले.

आता वाजवायची कशावर? गावात चालू स्थितीतला रेकॉर्ड प्लेअर एकच होता, आणि तो कोणाकडे असावा हे सांगायलाच नको. ओबुराने तबकडी दोन बोटांत धरून शाळेच्या हजेरीपटासारखी तपासली. मग म्हणाला, हिचं मधलं भोक मोठं आहे. ही बारच्या पेटीची तबकडी, माझ्या यंत्राची कांडी बारीक, ही त्यावर डोलणार. डोलली की गाणं रडणार. दोन दिवस यात गेले. बाटलीचं बूच लहान पडलं, रताळ्याची चकती सुकून आकसली. शेवटी एल्कानाने मक्याच्या कणसाचा बुरकुंडा कापून, मधून टोचून, असा बसवला की खुद्द कारखान्याने करावा. ओबुराने तोही मोजपट्टीने तपासला.

"बसतंय," तो म्हणाला. "पण माझ्या दिवाणखान्यात नाही वाजवायचं. उद्या कोणी म्हणेल, ओबुराने कान झाकले. चौकात, सगळ्यांसमोर."

चौकात म्हणजे भोंगा. भोंगा म्हणजे परवाना. झडोक परवाना कार्यालयात गेला. तिथल्या खिडकीत एक तरुण कारकून बाई बसल्या होत्या. अर्जात कार्यक्रमाच्या प्रकाराचे चार चौकोन होते. लग्न, प्रार्थनासभा, प्रचारसभा, अंत्यविधी. झडोकने विनयाने सांगितलं की एक तबकडी ऐकायची आहे. बाई म्हणाल्या, तसा चौकोन नाही.

"मागची बाजूच फक्त. तीन मिनिटांची."

"मिनिटांचाही चौकोन नाही, बाबा."

त्याने विचार केला. लग्न म्हणावं तर वधू हवी. प्रार्थनेला पाद्रीबाबांची सही, प्रचाराला पक्ष. अंत्यविधीला मात्र फक्त मृताचं नाव पुरत होतं, आणि मृत तर होताच. त्याने चौथ्या चौकोनात खूण केली, नाव घातलं सायलस मगानो. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली आणि आवाज एकदम मऊ केला. कधी गेले? झडोकने प्रामाणिकपणे सांगितलं, वीस वर्षं झाली. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. खाली आणखी एक रकाना होता. अर्जदाराचं मृताशी नातं. इथे थोडक्यात लिहायचं होतं, पण झडोकला थोडक्यात कुठलं यायला. त्याने बाकावर टेकून सगळी हकीकत तोंडी सुरू केली.

अठ्ठ्याहत्तर सालचा पाऊस. आहेरोजवळचा रस्ता. मगानोचा पिकअप चाकाच्या आसापर्यंत चिखलात, मागे गिटारी, ढोल आणि सहा वादक, सगळे पांढऱ्या कपड्यांत, त्यामुळे एकही खाली उतरायला तयार नाही. तेव्हा बावीस वर्षांचा झडोक सायकल टाकून धावला आणि मागून खांदा लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा चाकं अशी फिरली की चिखलाचा लोट थेट त्याच्या तोंडात. गाडी सुटली. मगानोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडून विचारलं, भावा, तुझं नाव काय?

"मग तुम्ही सांगितलंत," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

झडोकने तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

नव्हतं सांगितलं. तोंडात चिखल होता. तो थुंकेपर्यंत गाडी वळणापार गेली होती. पंचेचाळीस वर्षं त्याने ही गोष्ट सांगितली, पण सांगताना चिखलावरून तो नेहमी घाईने थेट गाण्यावर जायचा. मधली ही जागा त्याने स्वतःच कधी तपासली नव्हती. ज्याला नाव सांगितलंच नाही, तो ते गाण्यात घेणार कसा? पण त्याने ऐकलं होतं ना! किसुमूच्या बारमध्ये, गर्दीत, पेटीवर, एकदाच. आहेरोचा चिखल आला होता, आणि लगेच ‘झडोक अगुतू’, स्पष्ट, मोठ्याने. हे नाव या कानांनी ऐकलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "हा अर्ज मागे घेता येतो का?"

पण बाईंचा शिक्का तोवर बसला होता, आणि मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज होता, तो संपलेला होता.

रविवारी जेवणं आटोपल्यावर चौक भरला. परवान्याची एक प्रत नियमाप्रमाणे फळ्यावर लागली होती, त्यामुळे निम्मी मंडळी काळे कपडे घालून आली. मंडप आला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. शेजारच्या गावची भजनी बायकांची तुकडी आली आणि त्यांनी झडोकला गळ्याशी धरून धीर दिला. झडोक नको नको म्हणत होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी गावात धीराची गरज त्याच्याइतकी कोणालाच नव्हती.

ओबुराने आधी पुढची बाजू लावली. मासळीचा वास, थोडी खरखर, आणि मग तो आवाज. पांढऱ्या केसांची माणसं नकळत खांदे हलवायला लागली. कोणाला पेटीपाशी भेटलेली पोरगी आठवली, कोणाला विकलेली सायकल. दोरिना माहेरी गेली आणि एल्कानाने बाहीने डोळे टिपले. ओबुराने तबकडी उलटली, वही उघडली, पेन काढलं.

गिटारी सुटल्या, आणि पाचव्या सलामाला एल्काना हात वर करून उभा राहिला.

आता आमच्याकडे हात वर झाला की वाद्यं थांबतात. मग तो माणूस स्वतःची थोरवी सगळ्यांसमोर गातो. त्याला आम्ही पाक्रुओक म्हणतो, आणि तो अडवायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. पण हे सगळं हाडामांसाच्या गायकासमोर. तबकडीपुढे हात वर करायचा का, याचा विचार कोणी केला नव्हता. गिटार तीच, अंग तसंच उसळलं, हात गेला वर. ओबुरानेही सवयीने सुई उचलली.

"मी एल्काना," शिंपी गरजला, "माझ्या शिवलेल्या विजारीत तीन आमदार निवडून आले, आणि एकाचीही शिवण निवडणूक हरण्याआधी उसवली नाही!"

टाळ्या पडल्या. ओबुराने शिस्त म्हणून बाजू पहिल्यापासून लावली. पाचव्या सलामाला दोर्सिला उठली. पुन्हा पहिल्यापासून. मग भजनी तुकडीची म्होरकी. मग, कोणाला पटणार नाही, पण खुद्द ओबुराने आपलाच हात वर केला, आपणच सुई उचलली आणि ज्याच्या सायकलची घंटा ऐकून अकरा शाळांचे मास्तर जागे व्हायचे तो आपणच, हे जाहीर केलं.

झडोकचा जीव भांड्यात पडत होता. असंच चाललं तर संध्याकाळ होईल, परवाना पाचलाच संपतो. मंडळी थकून बसायला लागली तेव्हा तो स्वतः उठला. सरोवराच्या पाण्यालाही मीटर बसवेन म्हणाला. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा थोरवी संपली होती, त्याने आपल्या सायकलीची गायली. चौथ्यांदा हात वर करणार तोच शेजारी बसलेल्या विल्किस्टाने त्याचा कोपर धरला आणि खाली ओढला.

"बसा," ती हळूच म्हणाली. "ऐकू दे लोकांना."

त्याने तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

सुई टेकली. पाचवा सलाम गेला, सहावा गेला. मंडपात कोणी हललं नाही. आणि मग मगानोचा आवाज, हसत, मोटार चालवता चालवता बोलावं तसा:

"आणि आहेरोच्या चिखलात ज्याने आमची गाडी ढकलली, तो भाऊ. तोंडभर चिखल घेऊन उभा होता. त्याचं नाव विचारलं आणि थांबलो नाही, माझी चूक झाली. त्याला ओळखणारं कोणी इथे असेल, तर उठा आणि त्याचं नाव सांगा. मी थांबतो."

आणि गिटारी थांबल्या. तबकडीवर. नुसता ढोल, हळू, वाट बघत असल्यासारखा.

झडोकला एका क्षणात किसुमूचा तो बार दिसला. असाच ढोल, आणि खुर्चीवर चढून आनंदाने स्वतःचंच नाव ओरडणारा एक पोरगा. या कानांनी ऐकलेलं नाव याच तोंडाचं होतं. आता सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, ओबुराचं पेन हवेत होतं, आणि तोंडात पुन्हा चिखल भरल्यासारखं झालं होतं. ढोल वाजत होता. उठावं तर नाव आपण आपलंच घेणार, मग पुरावा कसला?

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विल्किस्टा उभी राहिली होती, हात वर करून. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने पाक्रुओकला कधी हात वर केला नव्हता.

"मी ओळखते," ती म्हणाली. "त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला टोमॅटो घेऊन बसले होते. अर्धा चिखल त्यांच्या तोंडात गेला, अर्धा माझ्या टोमॅटोंवर. गाडी गेल्यावर त्यांनी आधी माझे टोमॅटो धुऊन दिले, मग आपलं तोंड. त्यांचं नाव झडोक अगुतू."

ती बसली, आणि गिटारी सुरू झाल्या, अगदी तेव्हाच, जणू पलीकडे मगानोने मान डोलावली असावी.

मग ओबुराने नाक शिंकरलं, वहीत मान घातली आणि लिहिताना मोठ्याने उच्चारलं, तपासनिसांची रीतच आहे ती. क्रमांक दोनशे तेरा. अगुतू, झडोक, कोमुगा, पाणी खातं. नाव गायकाने विचारलं, पत्नीने सांगितलं. प्रत्यक्ष ऐकलं.

"बरोबर?" त्याने विचारलं.

"बरोबर, साहेब," झडोक म्हणाला.

त्यानंतर मंडळींनी ती बाजू परवाना संपेपर्यंत सात वेळा लावायला लावली, आणि दर वेळी ढोलाच्या त्या मोकळ्या जागेत सगळा मंडप, भजनी बायकांसकट, झडोकचं नाव घेऊ लागला. एकटा एल्काना हिरमुसून बसला होता. मगानोने दोरिनाचं अवाक्षर काढलं नव्हतं.

घरी जाताना तबकडी झडोकच्या काखेत होती. निम्मी वाट चालून झाली.

"तुला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "त्यात नाव नाही, हे पहिल्यापासून माहीत होतं."

"मावसबहिणीकडे आधी वाजायची ती तबकडी, दोन्ही बाजूंनी. झाकण नंतर झाली."

"मग एवढी वर्षं कधी टोकलं कसं नाहीस?"

विल्किस्टाने ओढणी सारखी केली. "तुम्ही दर वेळी थोडं थोडं वाढवून सांगायचात," ती म्हणाली. "मला वाटायचं, आणखी पुढे काय होतंय ते बघू तर."